२००९ सालचा राजकीय लेख पुन्हा छापायचा आहे. तो तसाच ठेवावा का?

प्रश्न

२००९ सालच्या जून महिन्यात, म्हणजे पंधराव्या लोकसभेचे निकाल लागून तीन-चार आठवडे झाले असताना, मी एका लहान नियतकालिकासाठी दीर्घ लेख लिहिला होता. काँग्रेसला २०६ आणि भारतीय जनता पक्षाला ११६ जागा मिळालेल्या, डाव्या पक्षांची ताकद निम्म्याहूनही कमी झालेली, अशा वातावरणात तो लेख लिहिला गेला. त्यात मी तीन गोष्टी ठामपणे मांडल्या होत्या. पहिली अशी की, यापुढे किमान दोन दशके कोणत्याही एका पक्षाला स्वबळावर बहुमताचा, म्हणजे २७२ चा आकडा गाठता येणार नाही. दुसरी अशी की, भाजपमधील नेतृत्वाच्या पिढीबदलाचा पेच सुटायला दहा वर्षे लागतील. तिसरी अशी की, डाव्यांची पीछेहाट तात्पुरती असून ते पुढच्या निवडणुकीत सावरतील.

पुढे काय झाले ते आपण सर्व जाणतोच. २०१४ मध्ये भाजपला २८२ आणि काँग्रेसला ४४ जागा मिळाल्या. त्या मे महिन्यात मी लेखाचे कात्रण कपाटातून काढले, पहिले पान वाचले आणि पुन्हा ठेवून दिले. २०१९ मध्ये भाजप ३०३ वर गेला तेव्हा ते काढण्याचेही धैर्य झाले नाही. ४ जून २०२४ रोजी भाजप २४० वर थांबला आणि सरकार मित्रपक्षांच्या आधाराने बनणार हे स्पष्ट झाले, तेव्हा मात्र मी त्याच संध्याकाळी कात्रण शोधले, आणि कबूल करायला हरकत नाही, मला बरे वाटले. आघाड्यांच्या युगाविषयीचा माझा परिच्छेद एकदम शहाणा वाटू लागला. लेखातील एक अक्षरही बदललेले नव्हते.

आता निवडक लेखांचा संग्रह निघतो आहे आणि संपादकांना हा लेख हवा आहे. त्यांनी पेन्सिलने एकच दुरुस्ती सुचवली आहे: ‘किमान दोन दशके’ हे शब्द काढून तेथे ‘पुढील काही काळ’ असे घालावे. वाक्याचा तोल बिघडत नाही, अर्थही फारसा बदलत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. माझे मन मात्र तयार होत नाही आणि नेमके कारणही सांगता येत नाही. लेख तसाच छापावा, दुरुस्त करून छापावा, की वगळावा? ज्यांनी राजकारणावर पूर्वी लिहिले आहे आणि आता ते लेखन पुन्हा वाचले आहे, त्यांचे मत विशेष हवे आहे. कोणता पक्ष चांगला, हा या धाग्याचा विषय नाही. कृपया तिकडे वळू नये.

प्रतिसाद १

दुरुस्ती अजिबात स्वीकारू नका. ‘किमान दोन दशके’ हे शब्द चुकीचे ठरले, परंतु त्या लेखातील तपासून पाहता येण्याजोगे शब्दही तेच आहेत. ‘पुढील काही काळ’ असे लिहिणारा माणूस कधीच चुकत नाही, कारण त्याने काही म्हटलेलेच नसते. संपादकांना वाटते तशी ती बारीक दुरुस्ती नव्हे. ती लेखातील विधान काढून घेणे आहे.

पण माझा खरा मुद्दा वेगळा आहे. लेख बरोबर ठरला की चूक, हे तुम्ही तिन्ही वेळा निकालाच्या आकड्यांवरून ठरवले, आणि आकडा बदलला की तुमचे मतही बदलले. त्याऐवजी लेखातील युक्तिवाद उघडून पाहा. १९८९ पासून २००९ पर्यंत लोकसभेच्या सात निवडणुका झाल्या आणि एकीतही एका पक्षाला बहुमत मिळाले नाही. सात वेळा एकच गोष्ट घडलेली पाहून आठव्यांदाही तीच घडेल असे मानणे, यात मूर्खपणा काहीच नव्हता. मग गफलत कोठे झाली? माझा अंदाज असा की, तुम्ही न लिहिता एक गृहीतक धरले होते, आणि ते त्या काळी जवळपास सर्वांनीच धरले होते: एका पक्षाला बहुमत मिळायचे तर देशभरात ४० टक्क्यांच्या आसपास मते हवीत. १९५२ पासून १९८४ पर्यंत ज्या ज्या वेळी एका पक्षाला बहुमत मिळाले, त्या त्या वेळी त्याची मते ४० टक्क्यांच्या वरच होती. १९६७ मध्ये काँग्रेस २८३ जागांवर घसरली तेव्हासुद्धा तिच्याकडे जवळजवळ ४१ टक्के मते होती. २००९ मध्ये काँग्रेसची मते साडेअठ्ठावीस टक्के आणि भाजपची एकोणीस टक्क्यांच्या आत होती. त्या अंतराकडे पाहून कोणालाही ४० टक्के अशक्यच वाटले असते.

२०१४ मध्ये ते ४० टक्के कोणाला मिळालेच नाहीत. भाजपला ३१ टक्के मते मिळाली आणि तेवढ्यात बहुमत झाले, कारण विरोधातील मते विखुरलेली होती आणि भाजपची मते काही राज्यांत दाटीने एकवटलेली होती. उत्तर प्रदेशात बहुजन समाज पक्षाला जवळपास २० टक्के मते मिळूनही एकही खासदार निवडून आला नाही, तर भाजपला त्याच राज्यात ८० पैकी ७१ जागा मिळाल्या. म्हणजे एकाही पक्षाची मते ४० टक्क्यांजवळ जाणार नाहीत, हा तुमचा न लिहिलेला अंदाज खरा ठरला. त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा ठरला.

आता कडू भाग सांगतो. हे तुम्हाला जून २००९ मध्ये कळू शकले असते का? माझ्या मते, हो. मे २००७ मध्ये त्याच उत्तर प्रदेशात मायावतींच्या पक्षाने सुमारे ३० टक्के मतांवर विधानसभेच्या ४०३ पैकी २०६ जागा जिंकल्या होत्या. बहुरंगी लढतीत तीस टक्क्यांवर स्वबळाचे बहुमत मिळते, याचे उदाहरण दोन वर्षांपूर्वीचे आणि देशातील सर्वाधिक लोकसंख्येच्या राज्यातील होते. ते तुमच्या लेखात आले आहे का, हे पाहा. आले असेल आणि तरीही तुम्ही त्याकडे काणाडोळा केला असेल, तर टीप त्यावर लिहा. आले नसेल, तर त्यावरच लिहा. वाचकाला तुमच्या पश्चात्तापात रस नसतो. घसरण नेमकी कोठे झाली, यात असतो.

आणि २०२४ च्या आनंदाचे म्हणाल, तर तोही तपासायला हवा. भाजपची मते २०१९ च्या तुलनेत सुमारे एका टक्क्याने कमी झाली आणि जागा ६३ ने कमी झाल्या. तुमच्या लेखातील कोणत्या कारणामुळे हे घडले? एकाही नसेल, तर त्या संध्याकाळचे समाधान फुकटचे होते. अवांतर: ‘दोन दशके’ हे विधान २०१४ सालीच मोडले होते; ते २०२४ मध्ये पुन्हा जोडले जात नाही.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी असहमत. संग्रह वाचकासाठी असतो, लेखकाच्या प्रामाणिकपणाची परीक्षा घेण्यासाठी नसतो. निकालानंतर महिनाभरात लिहिलेले बहुतेक लेखन त्या महिन्यापुरतेच असते, आणि त्यात कमीपणा काही नाही. सोळा वर्षांनी ते पुस्तकात घालायचे, त्याखाली दोन पाने टीप लिहायची आणि वाचकाने दोन्ही वाचावीत अशी अपेक्षा करायची, हा मला सोस वाटतो. लेखात त्या क्षणाचे चित्रण असेल, म्हणजे प्रचारात काय दिसले, लोक काय बोलत होते, कार्यकर्ते कोणत्या गोष्टीने खचले होते, असे काही असेल, तर तेवढा भाग ठेवा आणि भाकिते गाळल्याचे स्पष्ट नोंदवा. नुसतीच भाकिते असतील तर लेख वगळा. दुरुस्ती करू नये, एवढ्याबाबत मात्र वरच्या सदस्यांशी सहमत आहे.

प्रतिसाद ३

धागाकर्त्यांनी एक गोष्ट नशिबाने जपली आहे, ती म्हणजे कात्रण. माझ्यासारख्या अनेकांकडे ते नसते आणि मग आठवणीवर विसंबावे लागते. आणि आठवण अशा बाबतीत फार अप्पलपोटी असते.

याविषयी एक जुना प्रयोग प्रसिद्ध आहे. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन १९७२ मध्ये चीन आणि सोव्हिएत संघाच्या दौऱ्यांवर निघाले, त्याआधी बारुख फिशॉफ आणि रूथ बेथ या संशोधकांनी विद्यार्थ्यांना विचारले की, या दौऱ्यांत अमुक अमुक गोष्टी घडण्याची शक्यता तुम्हाला किती वाटते. दौरे आटोपल्यावर त्याच विद्यार्थ्यांना त्यांनी पूर्वी दिलेले आकडे आठवायला सांगितले. जे घडले होते, त्याला आपण प्रत्यक्षात दिली होती त्याहून अधिक शक्यता दिली होती, असे त्यांना सर्वसाधारणपणे आठवले. कोणी मुद्दाम खोटे बोलत नव्हते. निकाल कळला की आधीचे अज्ञान आठवतच नाही, एवढाच त्याचा अर्थ.

माझा स्वतःचा अनुभव याहून लाजिरवाणा आहे. गेली काही वर्षे मी निवडणुकांचे अंदाज एका वहीत तारखेसह लिहून ठेवतो. महाराष्ट्रात ४ जून २०२४ रोजी लोकसभेच्या ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला आणि १७ महायुतीला मिळाल्या. २३ नोव्हेंबरला विधानसभेचे निकाल आले, त्यात एकट्या भाजपला १३२, शिंदे यांच्या शिवसेनेला ५७ आणि अजित पवार यांच्या राष्ट्रवादीला ४१ जागा मिळाल्या. समोरचे तिन्ही प्रमुख पक्ष मिळून ४६ वर थांबले. साडेपाच महिन्यांत पारडे पूर्ण फिरले. डिसेंबरमध्ये एका बैठकीत मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले की, लोकसभेचा कल विधानसभेत टिकणार नाही हे मला जूनपासूनच दिसत होते. घरी आल्यावर सहज वही उघडली. ६ जूनच्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिले होते: ‘विधानसभेत आघाडी १६० च्या आसपास. फारसा संशय नाही.’ ‘फारसा’ या शब्दाखाली रेघसुद्धा होती.

ते पान मी फाडले नाही, पण बराच वेळ त्याकडे पाहत बसलो. मला जे ‘जूनपासून दिसत होते’, ते खरे म्हणजे नोव्हेंबरमध्ये तयार झालेले होते. आता कोणीही सांगतो की, लाडकी बहीण योजनेने चित्र पालटले. त्या योजनेचा वाटा किती, यावर मतभेद आहेत, पण ती निर्णायक होती असे मानले तरी तिची घोषणा २८ जूनच्या अर्थसंकल्पात झाली. ६ जूनला वही लिहिणाऱ्याला ती ठाऊक असणे शक्यच नव्हते. म्हणून माझे म्हणणे असे की, जुना लेख तपासताना शेजारी एक कोरा कागद घ्यावा आणि लेखाच्या तारखेपर्यंत जे जाहीर झाले होते तेवढेच त्यावर लिहावे. पहिल्या प्रतिसादातील मायावतींचे उदाहरण त्या कागदावर येते. लाडकी बहीण माझ्या कागदावर येत नाही. पहिली चूक आपली, दुसरीला नाइलाज.

धागाकर्त्यांना एक विनंती. लेख पुन्हा वाचण्याआधी, त्यात तुम्ही काय काय म्हटले होते असे तुम्हाला आठवते, ते लिहून काढा. तुम्ही येथे तीन विधाने दिली आहेत, ती कात्रण पाहून दिली आहेत की आठवणीने?

प्रतिसाद ४

लेखातील दुसऱ्या आणि तिसऱ्या विधानाबद्दल कोणी बोलले नाही, आणि मला तीच अधिक महत्त्वाची वाटतात. ‘अमुक पक्ष संपला’ किंवा ‘अमुक पक्ष सावरेल’ या प्रकारची वाक्ये राजकीय लेखनात सर्वांत लवकर शिळी होतात.

मृत्युलेख घाईने लिहिल्याची उदाहरणे हवी तेवढी आहेत. १९७७ मध्ये इंदिरा गांधी स्वतः रायबरेलीत पराभूत झाल्या. पुढच्याच वर्षी चिकमगळूरच्या पोटनिवडणुकीतून त्या लोकसभेत परतल्या आणि जानेवारी १९८० मध्ये ३५३ जागा घेऊन सत्तेवर आल्या. जपानमधील लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष २००९ मध्ये ११९ जागांवर कोसळला आणि २०१२ मध्ये २९४ जागा जिंकून परतला. ब्रिटनमध्ये मजूर पक्षाला २०१९ साली २०२ जागा मिळाल्या, १९३५ नंतरच्या सर्वांत कमी. २०२४ मध्ये त्याच पक्षाला ४११ मिळाल्या. या शेवटच्या उदाहरणातील गंमत अशी की, मते ३२ टक्क्यांवरून जेमतेम ३४ टक्क्यांकडे गेली होती. मजूर पक्ष फारसा वाढला नव्हता. समोरच्या पक्षाची मते फुटली होती.

आपल्याकडचे १९८४ तर सर्वांनाच तोंडपाठ आहे: भाजपला दोन जागा. पण त्या निवडणुकीत भाजपला ७.७ टक्के मते होती आणि मतांच्या हिशेबाने तो काँग्रेसनंतरचा दुसरा पक्ष होता, हे फार कमी जणांना आठवते. तेलुगू देसमला जेमतेम चार टक्के मते मिळाली आणि ३० जागा मिळाल्या, कारण त्याची सगळी मते एका राज्यात होती. १९८५ साली जागांचा तक्ता पाहणाऱ्याला एक पक्ष संपलेला दिसला असता. मतांचा तक्ता पाहणाऱ्याला देशभर पातळ पसरलेला, पण जिवंत पक्ष दिसला असता. कॅनडात १९९३ मध्ये सत्ताधारी प्रोग्रेसिव्ह कन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे १६ टक्के मतांवर दोनच खासदार उरले, तोही याच जातीचा प्रकार. मात्र पुढची वाट वेगळी झाली: तो पक्ष त्या नावाने सावरला नाही, २००३ मध्ये दुसऱ्या एका पक्षासोबत विलीन झाला, आणि २००६ मध्ये सत्तेवर आला तो हा नवा, एकत्र झालेला पक्ष. तो परत आला म्हणायचे की संपला म्हणायचे, हे ज्याने त्याने ठरवावे.

परंतु ही उदाहरणे ऐकून ‘राजकारणात कोणी कधीच संपत नाही’ असा समज करून घेतला, तर ती उलट्या बाजूची चूक होते, आणि धागाकर्त्यांचे तिसरे विधान याच चुकीचा नमुना आहे. ‘स्वतंत्र’ नावाच्या पक्षाने १९६७ मध्ये लोकसभेच्या ४४ जागा जिंकल्या होत्या; १९७१ मध्ये आठ उरल्या, १९७४ मध्ये पक्ष विलीन झाला आणि पुन्हा दिसला नाही. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष लोकसभेत २००४ साली ४३ वर होता, त्यानंतर १६, ९, ३ आणि ४ असा उतरला. पश्चिम बंगालमधील डाव्या आघाडीची सलग ३४ वर्षांची सत्ता २०११ मध्ये गेली आणि २०२१ च्या विधानसभेत त्या आघाडीचा एकही आमदार निवडून आला नाही. भाजपविषयी तुम्ही निराशेने चुकलात आणि डाव्यांविषयी आशेने. एकाच लेखात दोन उलट चुका असतील, तर त्यांचे कारण माहितीच्या अभावात शोधू नका, असे मला सुचवावेसे वाटते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फिलिप टेटलॉक यांनी २८४ तज्ज्ञांच्या राजकीय भाकितांचा बरीच वर्षे पाठपुरावा केला. अंदाज चुकल्यावर हे तज्ज्ञ काय म्हणत, याचीही त्यांनी नोंद ठेवली. ‘अगदी थोडक्यात हुकले’, ‘वेळ चुकली, दिशा बरोबर होती’, ‘मध्येच अनपेक्षित काही घडले’ ही त्यातील नेहमीची उत्तरे. टीप लिहिताना ही तीन वाक्ये शेजारी ठेवा. तुमच्या टीपेत त्यांपैकी एखादे शिरले, तर ते खोडून पुन्हा लिहा.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तिसऱ्या प्रतिसादातील प्रश्नाचे उत्तर आधी देतो: मी तीन विधाने आठवणीने दिली होती. काल रात्री कात्रण शेजारी ठेवून ती ताडून पाहिली. पहिले आणि तिसरे शब्दशः तसेच निघाले. दुसऱ्यात मात्र मी ‘दहा वर्षे लागतील’ असे नव्हे, तर ‘दहा वर्षांतही सुटणार नाही’ असे लिहिले होते. आठवणीने स्वतःहून थोडी सूट दिली होती, आणि संपादकांच्या पेन्सिलीवर मी रागावलो होतो.

मायावतींचा उल्लेख लेखात आहे. एका वाक्यात २००७ च्या विजयाला ‘सामाजिक समीकरणाची किमया’ म्हटले आहे आणि पुढे गेलो आहे. तीस टक्के हा आकडा लेखात नाही. तो मला ठाऊक होता, हे मात्र नक्की, कारण कात्रणासोबतच्या टिपणांच्या कागदावर तो लिहिलेला आहे. म्हणजे माझ्या कोऱ्या कागदावर तो येतो.

दुसऱ्या प्रतिसादाचा मी बराच विचार केला. लेखात त्या दिवसांचे वर्णन अगदीच थोडे आहे, त्यामुळे भाकिते गाळली तर हाती दोन परिच्छेद उरतात. वगळण्याचा पर्याय त्यामुळे खुला होता, पण आता वगळले तर ते कशासाठी, हे मला माहीत आहे.

लेख जसाच्या तसा जाईल. संपादकांशी आज बोललो; ते थोडे नाराज झाले, पण एका पानाच्या टीपेला त्यांनी संमती दिली. टीपेत बहुमतासाठी लागणाऱ्या मतांविषयीचे माझे गृहीतक आणि टिपणात राहून गेलेला तीस टक्क्यांचा आकडा, एवढेच येईल. २०२४ चा उल्लेख करणार नाही, कारण त्या निकालाचे एकही कारण माझ्या लेखात सापडले नाही.

डाव्यांवरचा परिच्छेद राहिला आहे. तो चार वेळा वाचला. ते सावरतील असे मी का म्हटले, याचे कारण त्या परिच्छेदात कोठेच दिलेले नाही. ‘सावरतील’ हे क्रियापद तेवढे दोनदा आले आहे. त्याखाली काय लिहावे, हे अजून सुचलेले नाही.